भाजीच्या ट्रेमधली पाकिटं

बोरी अरब,
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय सुरभी,

फोनवर माझी जीभ कशी चालते ते तुला माहीत आहे. समोरच्याला आधी हसवतो, आणि जे सांगायचं असतं ते त्या हसण्याखाली दाबून टाकतो. धंद्यात ही कला फार कामी आली. घरात नाही आली. म्हणून आज दुकान अंकुरवर सोपवून मागच्या गोदामात, रिकाम्या खोक्यांच्या मधे बसून लिहितो आहे. इथं कोणी गिऱ्हाईक नाही, त्यामुळे कोणाला हसवायचंही काम नाही.

घरचं सगळं ठीक आहे. तुझ्या सासूबाईंचे गुडघे थंडीमुळे बोलतात, पण तिळाचे लाडू त्यांनी यंदाही परातभर केले आणि अर्धे तुझ्यासाठी वेगळे काढून ठेवले. अंकुर बारीक झाला आहे. ढाणकीला तुझ्याकडे जाऊन आला की दोन दिवस बोलत नाही, मीही विचारत नाही. तुरी सोंगणीला आल्या आहेत. दुकानात थंडीचं फ्रीज कोण घेतं, त्यामुळे दुरुस्तीवरच चाललं आहे. परवा दारव्ह्याहून एका मास्तरांनी फ्रीज आणला, म्हणे गॅस संपला. टेम्पोतून उतरवून चालू केला आणि नुसता आवाज ऐकून सांगितलं, गॅस भरलेला आहे, तुमच्या दाराचं रबर फाटलं आहे, मशीन बिचारी सगळ्या स्वयंपाकघराला थंड करत बसली आहे. मास्तर खूश झाले. मग मी त्यांना माझं पाठ झालेलं भाषण दिलं. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. मागची जाळी सणासुदीला ब्रशनं झाडत जा. रबरात कागद धरून दार लावा आणि ओढून पाहा, सहज निघाला तर थंडी बाहेर चालली समजा. गरम भाजी आत ठेवू नका. बर्फ बोटभर चढला की बटण दाबून वितळू द्या, सुरीनं खरवडू नका. लाइन गेली तर थंड आहे का म्हणून दार उघडून पाहत बसू नका. हिवाळ्यात नॉब खाली आणा. आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य, जे जास्त दिवस टिकवायचं ते जास्त वर ठेवा, बर्फाच्या जवळ. ते शेवटचं वाक्य या वेळी अर्ध्यावरच सोडून दिलं. मास्तरांना वाटलं मला खोकला आला.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी गावभर सांगत फिरलो होतो की सून बीएस्सी ॲग्री आहे. आठव्या वर्गात शाळा सोडून रेडिओ उघडायला बसलेल्या माणसाला दुसरं काय मिरवायचं असतं. मग तू ते मित्रकिडींचं प्रशिक्षण घेऊन आलीस आणि मागच्या खोलीत ज्वारीच्या भरड्यावर पतंग पाळायला लागलीस. तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "लोकं भरड्यातल्या अळ्या निवडून फेकतात, अन् आपल्या घरी त्यायले खाऊ घालून राह्यले." मी सगळ्यात जास्त हसलो होतो. तू रागावली नाहीस. एक कार्ड आणून माझ्या तळहातावर ठेवलंस. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर खसखस चिकटवल्यासारखी त्या पतंगांची अंडी. म्हणालीस, मामाजी, या अंड्यांच्या आत माशा वाढवल्या आहेत, एका कागदातून हजारो निघतात, डोळ्यांना धड दिसतही नाहीत, पण बोंडअळीचं अंडं शोधून त्यातच आपलं अंडं घालतात, मग अळी जन्मालाच येत नाही. कपाशीच्या पानाखाली कागदाचा तुकडा टाचायचा, एवढंच काम. फक्त शेतात अळीचे पतंग दिसेपर्यंत ती कार्डं फ्रीजमध्ये झोपवून ठेवायला लागतात. मी त्याच दिवशी म्हणालो होतो, फ्रीजचं माझ्यावर सोड. आणि बचत गटाच्या बायकांना दुकानाच्या पायरीवर उभा राहून सांगितलं होतं की कार्ड सुरभीचं आणि थंडी बाबारावची, बिनधास्त घ्या. त्या बायका तुझ्या पदवीवर नाही आल्या, माझ्या त्या वाक्यावर आल्या. आज मागच्या खोलीत तुझे पतंगांचे ट्रे एकावर एक उपडे पडले आहेत, आणि गावात तुझं नाव निघालं की बायका 'तिचे खाली कागद' असं म्हणतात, म्हणजे नुसते रिकामे कागद. हे तुला ठाऊक आहे. मला रोज ऐकू येतं.

आता जे लिहायचं आहे त्यावर सासऱ्यानं सुनेला लिहू नये अशी आपल्याकडची रीत आहे. पेन अडतं, तरी लिहितो. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तू बाजूला बसली होतीस. समोरच्या खोलीत, वेगळ्या चटईवर. देवघरात नाही, स्वयंपाकघरात नाही, अर्थात फ्रीजपाशीही नाही. ही पद्धत माझ्या आईची, तुझ्या सासूबाईंनी चालवली आणि मी कधी त्यावर एक शब्द काढला नाही. मी, ज्यानं या भागातल्या बायकांना आयुष्यभर फ्रीज कसा वापरायचा ते शिकवलं, त्याच्या घरात सून त्या चार दिवसांत फ्रीजचं दार उघडू शकत नव्हती. हे मला कधी विचित्र वाटलंच नाही. कुणी विचारलं असतं तर हसून टाळलं असतं.

तू पडद्याआडून मला हाक मारलीस. तुझे शब्द जसेच्या तसे लिहितो. "मामाजी, भाजीच्या ट्रेमधी कार्डाची पाकिटं आहेत, ते तिथंच राहू द्या. वर नोका ठेवू, जास्त थंडीनं आतलं मरते. जागा नसंल तं भाजी बाहेर राहू द्या." मी दुकानाच्या फोनवर होतो. हात हलवून म्हणालो, "हो हो, तू कायले चिंता करतं." पण मला ऐकू आलं नव्हतं असं म्हणायची सोय मला देवानं ठेवलेली नाही. मागच्या गल्लीतल्या घरात कंप्रेसर अडखळला तर माझी झोप मोडते. तुझं सगळं बोलणं मी नीट ऐकलं, आणि बाजूला ठेवलं.

संध्याकाळी सोळा भाज्यांची थैली आली. अंबाडी, दोडके, लाल भोपळा, काय काय. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, ट्रे रिकामा करून द्या. मी पाकिटं काढली आणि बर्फाच्या खालच्या ट्रेमध्ये, दुधाच्या पिशव्या सरकवून, अगदी व्यवस्थित रचली. वर नॉबही वाढवला, कारण सणाला दार सारखं उघडतं. मनात काय होतं तेही सांगतो. पोरगी कालची, आणि मला थंडी शिकवते. अंडं आहे ना, मग जितकं थंड तितकं टिकेल. बाबारावचं वाक्य खोटं कसं होईल. जेवणावळ झाली, भाज्या संपल्या, तेव्हा ट्रे पुसून पाकिटं पुन्हा खाली ठेवली आणि नॉब होता तिथं आणला. लपवायचं म्हणून नाही, वस्तू जिथली तिथं ठेवायची माझी सवय म्हणून. तू बाहेर आलीस, फ्रीज उघडलास, तुला सगळं जागच्या जागी दिसलं.

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त भोगलंस. मेलेलं कार्ड आणि जिवंत कार्ड दिसायला सारखंच. तू आणि त्या बायका उन्हात वाकून पानापानाखाली तुकडे टाचत गेलात. त्यांच्यात मलिकाचं वावर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चांगलं होतं. तिचा नवरा कलीमभाई टायरच्या दुकानातून हलत नाही, शेत ती एकटी बघते. तू तिला सांगितलंस, भाभी, आता काही दिवस फवारा मारू नका, माशा मरतील. तिनं नाही मारला. मग तिनं अळीनं पोखरलेली बोंडं ओटीत भरून तुझ्यापुढे आणली आणि एकेक फोडून दाखवली, ते मी दुकानातून पाहत होतो.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट तुला ठाऊक नाही. म्हणजे गोष्ट ठाऊक आहे, मी तिथं होतो हे ठाऊक नाही. घरचा फ्रीज मी पुढे ओढून, वायर काढून, त्याच्या मागे बसून जाळी झाडत होतो. तू आणि तुझ्या सासूबाई स्वयंपाकघरात आलात. तू विचारलंस, "आई, ते पाकिटं कोणी हलवले होते का? एकावर पाणी सुकल्यावाणी डाग आहे." त्या सरळ बोलल्या, "ह्यायनंच तं वर ठेवले होते, भाजीले जागा नव्हती. काहून?" फ्रीज बंद होता, त्याचा आवाज नव्हता. तू पाकीट ओट्यावर ठेवलंस तेही मला ऐकू आलं. मग म्हणालीस, "काही नाही. आई, हे बाहेर कोणाजवळ काढू नोका. मामाजींचं दुकान त्यायच्या शब्दावर चालते."

मी ब्रश हातात धरून तसाच बसून राहिलो. नुसता खोकलो असतो तरी तुझ्यावरचं ओझं उतरलं असतं. तुम्ही दोघी बाहेर गेल्यावरही उठलो नाही. पोरी, आयुष्यात मी पुष्कळ काही चोरून ऐकलं आहे. गिऱ्हाईक बायकोशी कुजबुजतं की अजून थोडं कमी करून मागू, ते ऐकलं आहे. कोण माझ्यामागं मला काय म्हणतं ते ऐकलं आहे. ते सगळं कामाला आलं. पण माझ्यासाठी कुणी असं हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकून मी काय केलं, तर गप्प बसलो.

मलिकाच्या अंगणात तू उभी राहून म्हणालीस, ठेवण्यात माझंच चुकलं, महालक्ष्म्यांच्या वेळी चार दिवस जास्त थंडी लागली. ती म्हणाली, "तू पाह्यत नव्हती का? रोज तं सांगे आमाले, पोरासारखं सांभाळा लागते म्हणून. मंग त्या चार दिवसांत कुठं होती?" तू खाली पाहिलंस. तिथं कलीमभाई होता, मी होतो, आणखी दोघंतिघं पुरुष होते. कुठं होतीस ते तू कसं सांगणार. मला ठाऊक होतं कुठं होतीस. मी कलीमभाईला टायरचे भाव विचारत होतो.

मग तू माहेरी, ढाणकीला गेलीस. अंकुर म्हणाला, तिथल्या कृषी केंद्रात कामाला लागलीस, फवाऱ्याची औषधं विकतेस. ते ऐकून तुझ्या सासूबाई म्हणाल्या, चला, शिक्षण कामी आलं. मी ताटावरून उठलो.

इतकं होऊनही मी गप्पच राहिलो असतो, ते कबूल करतो. मागच्या महिन्यात मलिका दाराचं रबर बदलायला फ्रीज घेऊन दुकानात आली. बाभुळगावचं एक जोडपं नवा फ्रीज बघत होतं, त्यांना ती म्हणाली, "फ्रीजच्या बाबतीत ह्या भाऊंचं आयका. ह्यायच्या सुनेचं नोका आयकू, नाही तं सगळं जित्तं मरंल." दुकानात सगळे हसले. मीही हसलो. अंकुर मोजणीचं टेप हातात घेऊन उभा होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि टेप टेबलावर ठेवून बाहेर निघून गेला. त्याला काही माहीत नव्हतं. तरी त्याला तो हसणारा बाप बघवला नाही.

त्याच संध्याकाळी मी त्याला आणि तुझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. अंकुर म्हणाला, "आमाले सांगून काय होते, बाबा?" तुझ्या सासूबाई दुसऱ्या दिवशी फ्रीज आतून पुसत बसल्या होत्या, स्वच्छ असलेला फ्रीज पुन्हा पुन्हा. एवढंच म्हणाल्या, महालक्ष्म्या काय फ्रीज पाहायला येतात. ते मला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही.

मग संक्रांतीच्या वाणाला बायका मलिकाकडे जमल्या होत्या, तिथं मी गेलो. हळदीकुंकवात पुरुष माणूस पाहून सगळ्या गप्प झाल्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. पाकिटं मी वर ठेवली, सुरभीनं बजावलं होतं तरी ठेवली, तिला फ्रीजपाशी यायला आमच्या घरात मनाई होती, आणि ती माझं नाव वाचवायला तुमच्या शिव्या खाऊन गेली. एका दमात बोललो. सुरभी, मला वाटलं होतं मलिका मला अंगणातून हाकलेल. ती उठली, आतून माझ्यासाठी खुर्ची आणली. म्हणाली, "बसा भाऊ. असा सासरा नसीबानं भेटते. पण सुनेसाठी एवढं झूठ कायले बोलता? आमी काय तुमाले वळखत नाही?" मी म्हणालो, झूठ नाही, खरंच मीच. भुरीबाई तांड्यावरून आली होती, ती पदर तोंडाला लावून हसली. "बाबारावभाऊच्या हातानं फ्रीजमधली वस्तू मरंल का कधी? माह्या सासऱ्यानं माही बाजू घेतली असती तं मी त्याले सोन्याचा दात बसवला असता." सगळ्या खो खो हसल्या. मी जितकं जोर लावून सांगावं तितकं त्यांचं माझ्यावरचं प्रेम वाढत गेलं. चहा आला, तिळगूळ आला. एकीनं डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, पाह्य, अशी माणसं असतात.

पुढचं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. त्या अंगणातून घरी येताना माझे पाय हलके झाले होते. खरं बोललो म्हणून नाही, त्यांनी मला मोठं केलं म्हणून. चौकापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की मी गुणगुणतो आहे. तिथल्या हापशीवर तोंड धुतलं आणि उभा राहिलो. आयुष्यभर काउंटरवर गोड बोलून माणसं जोडली, त्याचं हे फळ. मी गोड बोलतो एवढंच लोकांना माहीत आहे, त्यामुळे मी खरं बोललो तर तेही त्यांना गोडच लागतं. आता गावात दोन गोष्टी झाल्या आहेत. तुझं नाव खराब होतं तसंच आहे, आणि माझं होतं त्यापेक्षा चांगलं झालं आहे. काल एक माणूस कीर्तनातल्यासारखा मला हात जोडून गेला. मी त्याला थांबवून काय सांगणार होतो.

माफी मागायला हे पत्र लिहिलं असं तू समजशील. ती मी समोर मागेन, कागदावर मागणं मला फार सोपं जाईल. पत्र लिहिलं ते यासाठी. येत्या रविवारी दुपारी मलिकाच्या अंगणात बायका पुन्हा बसणार आहेत. पुढच्या हंगामाची कार्डं बाहेरून मागवायची की फवाऱ्यावरच परत जायचं, ते ठरवणार आहेत. एकदा ठरलं की तुझं काम या गावात संपलं. माझं त्या ऐकत नाहीत, आणि हे पत्र नेऊन दाखवलंस तरी म्हणतील, सासऱ्यानं सुनेसाठी लिहून दिलं. तुझ्या तोंडून आलं तरच खरं ठरेल, कारण तू त्यांना एकदाही खोटं सांगितलेलं नाहीस, माझ्यासाठी सांगितलंस तेवढं सोडून. तेव्हा तू ये. कुठं बसली होतीस, कोणी बसवली होती, पडद्याआडून मला काय सांगितलंस आणि मी काय केलं, ते पहिल्यापासून सांग, सगळ्यांसमोर, माझ्या देखत. तुझ्या सासूबाई मी न सांगता म्हणाल्या आहेत की त्याही तिथं येतील. त्यानंतर इथं राहायचं की ढाणकीला, ते तू आणि अंकुर ठरवा, मी त्यात पडणार नाही. दुकानाचं काय होईल याचा विचार मनात आणू नकोस, तो तू एकदा केलास तेवढा पुष्कळ झाला. मी मधे बोललो तर मला गप्प कर. आणि मलिकाचा राग पाहून तुला माझी दया आलीच, तर एवढं कर पोरी, या वेळी मला वाचवू नकोस.

तुझाच,
बाबाराव मामाजी